हिरवी असतानाच मान टाकणारी वांगी-मिरची: मर ओळखायची कशी, थांबवायची कशी

शिमगा जवळ आला की आमच्या कुडाळच्या बाजूला मळ्यामळ्यांतून एकच निरोप येऊ लागतो. "वैनी, काल सांजेक बरी होती, आज बघतंय तर मान टाकल्यानी." कोणाची वांगी, कोणाची मिरची, कोणाचे टोमॅटो. भात कापून झाल्यावर त्याच मळ्यात भाजी करायला लागून मला चौदा वर्षं झाली. त्यातली पहिली चार वर्षं हा मर रोग माझ्याच वाफ्यांत होता. पुढे तो आटोक्यात आला आणि मग वाडीतल्या, माहेरच्या, ओळखीपाळखीच्या लोकांकडून बघायला बोलावणं येऊ लागलं. ज्या क्रमाने मी बघते तो क्रम इथे लिहिते आहे. फुकटातल्या तपासण्या आधी, खर्चाच्या शेवटी.

तुमच्या झाडांना हेच होतंय का?

- दुपारच्या उन्हात शेंड्याकडची कोवळी पानं लोंबतात, संध्याकाळी पुन्हा ताठ होतात. दोन-तीन दिवस असं चालतं आणि मग एका सकाळी झाड उठतच नाही.
- पान हिरवंच असतं, पिवळं पडायला त्याला वेळच मिळत नाही. हातात घेतलं तर वाफवलेल्या पाल्यासारखं मऊ लागतं.
- ओळीत एखादंच झाड जातं, शेजारचं ठणठणीत. आठ दिवसांनी पाट ज्या दिशेने वाहतो त्या बाजूची पुढची दोन-चार जातात.
- झाड फुलावर किंवा पहिल्या तोड्यावर असताना हे जास्त दिसतं.
- खत घाला, पाणी घाला, फवारा मारा, काही फरक पडत नाही.

यातली तीन-चार जुळत असतील तर पुढे वाचा. फक्त शेंडा वाळला असेल आणि बाकी झाड बरं असेल तर ते वांग्याच्या शेंडे पोखरणाऱ्या अळीचं काम. शेंडा चिरला की आत अळी किंवा तिची विष्ठा सापडते. तो शेंडा खुडून नष्ट करा, या लेखाची तुम्हाला गरज नाही.

पहिलं काम: पाणी वाढवू नका, मातीत बोट घाला

झाड कोमेजलं की हात आपोआप पाण्याकडे जातो. माझाही गेला. पहिल्या वर्षी वांग्याची तीनशे रोपं लावली होती. त्यातली पाच-सहा कोमेजली तेव्हा मी सकाळ-संध्याकाळ शिंपायला लागले. पंधरा दिवसांत साठ गेली. ती मी स्वतःच्या हातांनी मारली हे कळायला मला आणखी दोन वर्षं लागली.

बुंध्यापासून वीतभर अंतरावर बोटाच्या दोन पेरांइतकं खोल चाचपा. माती कोरडी असेल आणि वाफ्यातली सगळीच झाडं सारखी मलूल असतील तर तहान आहे. पाणी द्या, रात्रीतून उठतील. पण माती ओली असूनही झाड कोमेजत असेल तर पाणी मुळाशी आहे आणि वर चढत नाही, असा त्याचा अर्थ. मग कितीही शिंपलं तरी व्यर्थ. उलट त्या ओलीतूनच रोग शेजारच्या झाडाकडे जातो. म्हणून कारण कळेपर्यंत त्या ओळीचं पाणी तोडायचं.

दुसरं: एक झाड मातीसकट उकरून काढा

उपटू नका, उकरा. उपटलं की बारीक मुळं मातीत राहतात आणि बघायचं तेच हातून जातं. मुळं बादलीत हलक्या हाताने धुवा आणि बुंध्यापासून खाली बघत या.

बुंध्याशी, मातीच्या पातळीला, कापसासारखी पांढरी बुरशी आणि तिच्यात मोहरीच्या दाण्यांसारखे तपकिरी गोळे दिसले तर ती बुरशीची मर. तिचा उपाय वेगळा. मुळं कुरतडलेली असतील तर हुमणी अळी, बुंधा मातीने लिंपून आत पोखरलेला असेल तर वाळवी. मुळं काळी पडून सालपट हातात येत असेल तर पाणी साचून ती कुजली आहेत. आधी चर काढा.

मुळांवर गाठी दिसल्या तर जरा थांबा, कारण इथे फार जणांची फसगत होते. वांगी, मिरची, टोमॅटो यांच्या मुळांवर चांगल्या गाठी कधीच नसतात. चवळीच्या, कुळथाच्या मुळांवर असतात त्या चांगल्या. त्यांच्याबद्दल पुढे सांगते. वांग्याच्या मुळाला गाठ दिसली की ती सूत्रकृमीची, म्हणजे मातीतल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक कृमींची, समजायची. मूळ स्वतःच फुगून मणी ओवल्यासारखं दिसतं. हे सूत्रकृमी मुळाला जिथे भोक पाडतात तिथूनच मर रोगाचा जिवाणू आत शिरतो. त्यामुळे पुष्कळदा दोन्ही दुखणी एकत्र सापडतात आणि एकावरच उपाय केला तर गुण येत नाही.

आणि यांपैकी काहीच नसेल? मुळं पांढरी, बुंधा कडक, झाड मात्र मेलेलं? मग स्वयंपाकघरातून काचेचा ग्लास आणा.

तिसरं: ग्लासाची परीक्षा

सगळ्या लेखातून एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवलीत तरी चालेल. पैसे लागत नाहीत आणि पाच मिनिटांत उत्तर मिळतं.

आज किंवा काल कोमेजलेलं झाड निवडा. वाळून गेलेल्या झाडात ही परीक्षा होत नाही. बुंध्यापासून बोटभर वर, चांगल्या धारेच्या सुरीने वीतभर खोड कापून घ्या. बाहेरून धुवा, मातीचा कण राहता कामा नये. आता खालचं टोक पुन्हा एकदा ताजं, तिरकं कापा. स्वच्छ ग्लासात नितळ पाणी घ्या, ते स्थिर होऊ द्या आणि कापलेलं टोक पाण्यात जेमतेम बुडेल असं खोड दोऱ्याने किंवा कपड्याच्या चिमट्याने टांगा. मागे काळा कपडा धरा. हलवायचं नाही.

दोन ते पाच मिनिटांत कापावरून दुधासारखा पांढुरका धागा खाली उतरू लागतो. अगरबत्तीचा धूर वर चढतो तसा हा खाली जातो, सरळ आणि संथ, आणि तळाशी पसरतो. हा तुमच्या झाडाचा चीक नव्हे. वांग्याला चीक नसतोच. तो धागा म्हणजे खोडाच्या नळ्यांमध्ये कोंबून भरलेले जिवाणू. पहिल्यांदा तो पाहिला तेव्हा मी चुलीपाशी बसून राहिले होते. चार वर्षं ज्याच्याशी झगडत होते ते त्या दिवशी पहिल्यांदा डोळ्यांना दिसलं.

सोबत एक निरोगी झाडाचा तुकडा दुसऱ्या ग्लासात टांगा, म्हणजे मनात शंका राहणार नाही. मिरचीचा धागा बारीक असतो, नीट बघावा लागतो. पंधरा मिनिटं थांबूनही काही उतरलं नाही, खोड चिरल्यावर आत तपकिरी रेघा दिसल्या आणि पानं आधी खालून पिवळी पडत गेली असतील, तर बुरशीची मर असण्याचा संभव जास्त. ती सावकाश चालते, जिवाणूची घाईने.

या जिवाणूचं नाव राल्स्टोनिया सोलॅनॅसिॲरम. अमेरिकेतल्या एर्विन स्मिथ यांनी १८९६ मध्ये त्याचं वर्णन केलं. नावातला दुसरा शब्द वांग्याच्या कुळावरूनच आला आहे, पण दोनशेहून जास्त जातींच्या वनस्पतींना तो धरतो. आपल्याकडे वांगी, टोमॅटो, मिरची, बटाटा आणि आलं ही त्याची ठरलेली गिऱ्हाइकं. मातीत राहतो, मुळाच्या जखमेतून किंवा बाजूची मुळं फुटतात तिथल्या फटीतून आत शिरतो आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्यांत वस्ती करतो. आत शिरल्या शिरल्या तो काही करत नाही. आपली संख्या किती झाली हे ते जिवाणू एकमेकांनी सोडलेल्या रसायनावरून ओळखतात आणि पुरेशी झाली की मगच चिकट, बुळबुळीत पदार्थ भरपूर बनवू लागतात. त्याने नळ्या बुजतात. म्हणून 'काल बरी होती' हे खरंच असतं. आणि म्हणूनच काल बरं दिसणारं झाडही कित्येक दिवस आधी लागण झालेलं असू शकतं.

ग्लासात धागा दिसला तर त्या झाडाचा मोह सोडा. बुजलेल्या नळ्या कुठल्याही औषधाने मोकळ्या होत नाहीत. झाड मुळाच्या मातीसकट काढून गोणपाटात भरा. ओळीतून ओढत नेऊ नका, ओढलं की माती सांडत जाते. व्हाळात (ओढ्यात) टाकू नका, उकिरड्यावरही नको. कातळावर उन्हात कडक वाळवून जाळा. झाड काढलेल्या खड्ड्यात थोडी ब्लिचिंग पावडर टाकून माती ओढा; तोंडाला कपडा बांधा आणि विहिरीजवळ ती वापरू नका. झाडाला लागलेली वांगी खाल्ली तर चालतात, हा जिवाणू माणसाला आजार करत नाही.

चौथं: तो आला कुठून? पाटाच्या वाटेने चालून बघा

कागदाच्या पाठकोऱ्या बाजूला वाफ्यांचं चित्र काढा. गेलेल्या झाडांवर फुल्या मारा, पाणी कुठून येतं आणि कुठे जातं त्याचे बाण काढा. बहुतेक वेळा फुल्या बाणांवरच येतात. माझ्या मळ्यात पाणी वरच्या शेजाऱ्यांच्या मिरचीतून वाहून माझ्या वांग्यांत यायचं. त्यांची मिरची आधी मेली, माझी वांगी नंतर. आम्ही दोघांनी मिळून बांधाच्या कडेने वेगळा चर काढला. दोन दिवसांचं काम, पैसे शून्य. त्या वर्षी निम्म्याने कमी झाडं गेली.

पाण्याच्या खालोखाल हत्यारं. खुरपं एका ओळीतून दुसऱ्या ओळीत जातं, तुटलेल्या मुळाचा रस पात्याला लागतो आणि पुढच्या झाडाच्या ताज्या जखमेत पोचतो. रोगट ओळ सर्वांत शेवटी खुरपायची, आणि मग पातं धुऊन चुलीच्या जाळावर धरायचं किंवा स्पिरिटने पुसायचं. चपलांच्या चिखलाचंही तेच. एकदा मर दिसली की मी त्या वाफ्यात बुंध्याजवळ खुरपं लावतच नाही. तण हाताने खुडते, मुळं दुखवत नाही.

तिसरी वाट रोपांची. एका वर्षी मी विकतची रोपं आणली, दिसायला सुरेख, मुळांशी भरपूर माती. रोग त्या मातीतून आला. तेव्हापासून रोपं घरी, राब भाजलेल्या जागेवर करते. आपले लोक नाचणी-भाताच्या तरव्यासाठी, म्हणजे रोपांसाठी, पालापाचोळा, शेण, गवत रचून जमीन भाजत आले आहेत. त्या धगीने तणाचं बी आणि वरच्या थरातले रोगजंतू बरेच कमी होतात. ते शक्य नसेल तर एप्रिल-मेच्या उन्हात ओल्या वाफ्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणून, कडा मातीने बुजवून, महिना-दीड महिना ठेवा. आल्याचं बेणं मात्र बाहेरून बघून घेण्यात अर्थ नाही. गेल्या हंगामात ज्याच्या शेतात मर नव्हती त्याच्याकडचंच घ्या.

बांधही बघा. कामोणी, रानवांगं, धोतरा ही सगळी वांग्याच्याच कुळातली. मधल्या काळात वाफ्यात पीक नसलं तरी जिवाणू यांच्या मुळांशी तग धरून राहतो.

पाचवं: आता चवळी उकरून बघा

हे वाचून कोणी म्हणेल, वांगी मरताहेत आणि चवळी कशाला? मलाही एका कृषी सहायकांनी पहिल्यांदा हेच सांगितलं तेव्हा राग आला होता. पण माती मेली आहे की जिवंत आहे हे बघायचा याहून स्वस्त मार्ग मला माहीत नाही.

फुलावर येऊ घातलेलं चवळीचं झाड खुरप्याने भोवताली सैल करून काढा आणि मुळं पाण्यात हलवून धुवा. बाजूला चिकटलेले मोहरीपासून वाटाण्याएवढे गोळे दिसतील. नखाने सहज सुटतात. सूत्रकृमीची गाठ अशी सुटत नाही, ती मुळाचाच भाग असते. एक गोळा नखाने चिरा. आतून सोलकढीसारखा गुलाबी निघाला तर काम चालू आहे. पांढरा असेल तर अजून सुरू झालेलं नाही किंवा होणारच नाही. हिरवट-तपकिरी असेल तर संपलं.

त्या गोळ्यातही जिवाणूच असतात. हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन आहे, पण झाडाला तो थेट घेता येत नाही. हे ऱ्हायझोबियमच्या कुळातले जिवाणू तो पकडून झाडाला खाता येईल अशा रूपात देतात आणि झाड त्यांना साखर देतं. नायट्रोजन पकडण्याच्या या कामात मोकळा ऑक्सिजन आडवा येतो, म्हणून गोळ्यात एक लाल पदार्थ तयार होतो आणि तो ऑक्सिजनला धरून ठेवतो. आपल्या रक्तातल्या लाल रंगाचाच तो भाऊ. सोलकढीचा रंग त्याचा. डच शास्त्रज्ञ बायरिंक यांनी १८८८ मध्ये हे जिवाणू गाठींतून वेगळे काढले. आपले आजे-पणजे मात्र भातामागून कुळीथ, वाल, चवळी त्याच्या कितीतरी आधीपासून पेरत होते.

आता विचार करा. एक जिवाणू चवळीच्या मुळात शिरतो आणि तिला पोसतो, दुसरा वांग्याच्या मुळात शिरतो आणि त्याला मारतो. माती तीच, ओल तीच, दोघेही डोळ्यांना न दिसणारे. 'जिवाणू मारा' असं सांगणारं औषध ओतलं की ते कोणाला मारणार? ही गोष्ट मनात नीट बसली तेव्हा माझं वागणं बदललं.

चवळीला गाठी आल्याच नाहीत, किंवा आल्या पण पांढऱ्या, तर मी तीन गोष्टी बघते. युरिया जास्त पडला का? आयता नायट्रोजन मिळाला की झाड गाठी करायचं सोडून देतं. पाणी साचतं का? आणि माती किती आंबट आहे? आमच्या जांभ्यावर वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, त्यात चुना वाहून जातो. अशा आंबट मातीत या जिवाणूंना लागणारं मोलिब्डेनम मिळेनासं होतं. चुना टाकायचा तो माती तपासून, तिथे सांगतील तेवढाच, आणि लावणीच्या बराच आधी.

चवळीच्या गाठी असल्या म्हणजे वांग्याची मर थांबते, असं मी म्हणत नाही. पण ज्या वाफ्यात गाठी गुलाबी असतात तिथे शेणखत पोचलेलं असतं, हवा खेळत असते, पाणी साचत नसतं, आणि तिथे इतर चांगले जिवाणूही टिकतात. पुढची पायरी त्यांच्याच जिवावर चालते.

सहावं: चांगल्यांना आधी जागा धरू द्या

दुकानात पुडीत मिळणारे स्युडोमोनास फ्लुओरेसन्स आणि बॅसिलस सब्टिलिस हे मुळाभोवती राहणारे जिवाणू. ते मातीतलं लोह बांधून घेतात आणि रोगजंतूला मिळू देत नाहीत, त्याला नकोशी रसायनं सोडतात आणि झाडाला आधीच सावध करतात. गंमत अशी की वांगी मारणारा राल्स्टोनियाही विसाव्या शतकात बराच काळ स्युडोमोनास याच नावाखाली होता. नावं नंतर वेगळी झाली.

यांचा उपयोग फक्त आधी होतो. सुटायच्या आधी एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकावा लागतो, गाडी भरल्यावर टाकून उपयोग नाही, तसंच. बी पेरताना किलोला १० ग्रॅम चोळायचं. लावणीच्या वेळी लिटरला १० ग्रॅम घेऊन रोपांची मुळं अर्धा तास बुडवून ठेवायची. लावणीच्या पंधरा दिवस आधी ही पुडी कुजलेल्या शेणखतात मिसळून, ओल राखून, सावलीत ठेवायचं आणि मग वाफ्यात घालायचं. मर दिसल्यावर ही पुडी ओतून झाड वाचलं असं मी एकदाही पाहिलेलं नाही.

घेताना तारीख बघा. पुडीत जिवंत माल आहे. उन्हात, पत्र्याखाली तापलेली पुडी मेलेली असते आणि त्यात फक्त भुकटी उरते. नळाचं क्लोरीनचं पाणी नको, विहिरीचं घ्या. ब्लिचिंग, चुना किंवा तांब्याचं औषध वापरलं असेल तर मध्ये निदान पंधरा दिवस जाऊ द्या.

औषधाच्या भुकटीबद्दल स्पष्टच

पहिल्या वर्षांत एका दुकानातून मला स्ट्रेप्टोमायसिन-टेट्रासायक्लिन या जिवाणू मारणाऱ्या औषधांची (अँटिबायोटिकची) पुडी दिली गेली आणि मी ती दोन वर्षं मुळांशी ओतली. झाडं मरायची ती मेलीच. जमिनीत ओतलेलं हे औषध खोडातल्या नळ्यांपर्यंत पुरेसं पोचत नाही, आणि वाफ्यातल्या इतर जिवाणूंवर मात्र त्याचा मारा होतो. स्ट्रेप्टोमायसिन माणसाच्या क्षयरोगावरचं पहिलं प्रभावी औषध. १९४३ मध्ये ते सापडलं तेही मातीतल्या जिवाणूतच. मृगाचा पहिला पाऊस पडल्यावर जो वास येतो, तो त्याच कुळातल्या जिवाणूंनी बनवलेल्या पदार्थाचा. अशी औषधं शेतात ओतत राहिलो तर ती पचवणारे जंतू तयार होतात, आणि उद्या आपल्याच घरातल्या माणसाला ती लागू पडणार नाहीत. मी ती वापरत नाही आणि कोणाला वापरा असं सांगत नाही.

सातवं: पीक हलवा, पाणी उभं करा

इथून पुढे मेहनत आणि हंगाम लागतो. ज्या वाफ्यात ग्लासाची परीक्षा खरी ठरली तिथे निदान दोन-तीन वर्षं वांगी, मिरची, टोमॅटो, बटाटा, आलं काही नाही. मका, नाचणी, चवळी, कुळीथ, लाल माठ लावा. पावसाळ्यात भात, आणि शक्य असेल तर वायंगणही (उन्हाळी भात). आठवडेच्या आठवडे पाणी उभं राहिलं की या जिवाणूची संख्या मातीत बरीच घटते. माझ्या मळ्यात भात दर वर्षीच होत होता, मग रोग का राहिला? कारण तो राहत होता वरच्या कोपऱ्यात, बांधाला लागून, जिथे जमीन हातभर उंच आणि पाणी कधी टिकतच नव्हतं. कागदावर चार वर्षांच्या फुल्या एकावर एक मारल्या तेव्हा तो कोपरा उघडा पडला. तिथे आता मी कायमची गवती चहा आणि हळद ठेवली आहे. मे महिन्यात रोगट वाफे नांगरून उघडे तापू द्यायचे, कारण या जिवाणूला कोरडेपणा मानवत नाही.

आठवं: वाण आणि कलम

जागा बदलणं परवडत नसेल, परडंच एवढंसं असेल, तर मर सोसणारा वाण लावा. बेंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेची वांगी अर्का निधी, अर्का केशव, अर्का नीलकंठ. टोमॅटोत अर्का रक्षक, अर्का सम्राट. केरळ कृषी विद्यापीठाच्या मिरच्या उज्ज्वला आणि अनुग्रहा. सोसणारा वाण म्हणजे न मरणारा वाण नव्हे. कडक उन्हाळ्यात, ओल्या जमिनीत आणि मुळांना सूत्रकृमी असतील तर हेही मान टाकतात.

आणि घरच्यांना चव आपल्याच गावठी वांग्याची हवी असते, तर कलम. मर सोसणाऱ्या रानवांग्याच्या जातीच्या खुंटावर आपल्या वांग्याचा शेंडा बांधायचा. टोमॅटोही वांग्याच्या खुंटावर चालतो. आंब्याची कलमं बांधणाऱ्या हातांना हे अवघड नाही, फक्त खोड काडीएवढं असतं आणि पहिले सात-आठ दिवस ते दमट सावलीत ठेवावं लागतं. माझी पहिल्या वर्षी निम्मी मेली, आता बहुतेक जगतात. सांधा मातीच्या वर राहील याची काळजी घ्या. मातीने झाकला गेला तर वरच्या वांग्याला स्वतःची मुळं फुटतात आणि सगळी मेहनत वाया जाते.

कुठे थांबायचं आणि कोणाला बोलवायचं

पुढच्यापैकी काहीही असेल तर घरचे प्रयोग थांबवा:

- ग्लासात धागा नाही, बुंध्याशी काही नाही, मुळं बरी आहेत आणि तरी झाडं मरताहेत.
- आठ दिवसांत दहातलं एक झाड गेलं.
- आल्याला मर लागली आहे आणि तुम्ही बेणं विकणार आहात. विकू नका, आधी तपासून घ्या.
- तुम्ही रोपं करून दुसऱ्यांना देता आणि त्यातल्या एकाही रोपाचा धागा ग्लासात दिसला.
- एकाच पाटावरच्या तीन-चार जणांच्या मळ्यांत एकदम दिसलं. एकट्याने उपाय करून काही होत नाही, सगळ्यांचं पाणी एकदम बघावं लागतं.

अशा वेळी गावचे कृषी सहायक (आता त्यांना सहायक कृषी अधिकारी म्हणतात), जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र किंवा दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचा वनस्पती रोगशास्त्र विभाग. जाणं जमत नसेल तर किसान कॉल सेंटर, १८००-१८०-१५५१, मराठीत बोलता येतं.

नमुना नेताना वाळलेलं झाड नेऊ नका, त्यातून त्यांना काही कळत नाही. आदल्या संध्याकाळी कोमेजू लागलेली दोन झाडं आणि एक निरोगी, मुळं व मूठभर मातीसकट वर्तमानपत्रात गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून एसटीत ठेवलीत तर वाटेतच कुजतील. पहिल्या गाडीने निघा. सोबत फुल्यांचा कागद आणि ग्लासातल्या धाग्याचा मोबाइलवर काढलेला फोटो न्या. फोटो धागा उतरत असतानाच काढा, मागे काळा कपडा धरून. थोड्याच वेळात तो पाण्यात विरून जातो आणि मग ग्लासात नुसतं गढूळ पाणी दिसतं.